विश्लेषण : जुन्या रेस कारचे इंजिन वाचवणारा करंगळीएवढा शाफ्ट… तो अधिक मजबूत कसा करतात? महाराष्ट्रात हे काम शक्य आहे का?

करंगळीपेक्षा बारीक आणि जेमतेम वीतभर लांब असा एक पोलादी शाफ्ट तुटला, तर पुन्हा न मिळणारे इंजिन काही सेकंदांत निकामी होऊ शकते. जुन्या रेस कार पुन्हा शर्यतीत उतरवणाऱ्यांसाठी ऑइल पंपाचा शाफ्ट ही कायमची डोकेदुखी आहे. यातील बहुतेक गाड्यांचे मूळ सुटे भाग बनणे केव्हाच थांबले. त्यामुळे शाफ्ट नव्याने बनवावा लागतो आणि बनवायचाच तर तो मूळ भागापेक्षा मजबूत असावा, अशी अपेक्षा असते. भारतात ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१मध्ये स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. त्यामुळे अशा सुट्या भागांचा प्रश्न इथेही महत्त्वाचा ठरतो. मजबूत शाफ्ट म्हणजे नेमके काय, तो बनवताना कुठे चुका होतात आणि पुणे-कोल्हापूरपासून नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्यापर्यंत या कामाचा संबंध कसा पोहोचतो, याविषयी.

ऑइल पंपाचा शाफ्ट काय काम करतो?

इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये ऑइल साठलेले असते. तिथून ते उचलून क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि बेअरिंगपर्यंत दाबाने पोहोचवणे हे ऑइल पंपाचे काम. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. तो टिकून असेपर्यंत धातू धातूला घासत नाही. १९५० ते १९७०च्या दशकांतील अनेक इंजिनांमध्ये पंप तळाशी आणि त्याला फिरवणारा गिअर वर कॅमशाफ्टजवळ असे. या दोहोंना जोडणारा उभा दांडा म्हणजे पंपाचा शाफ्ट. बऱ्याच इंजिनांत हाच गिअर वरच्या बाजूला डिस्ट्रिब्युटर फिरवतो, म्हणजे प्लगला ठिणगी वेळेवर पोहोचवण्याचे कामही त्याच्याकडेच असते. रेस इंजिनांबाबत मेकॅनिक एक ठोकताळा सांगतात : दर हजार आरपीएममागे १० पीएसआय दाब हवा. म्हणजे ६,००० आरपीएमला साधारण ६० पीएसआय, अर्थात सुमारे ४ बार.

तो तुटला तर इंजिन लगेच बंद पडत नाही?

खरा धोका इथेच आहे. शाफ्ट गिअरच्या खाली तुटला, तर पंप थांबतो. पण डिस्ट्रिब्युटर फिरत राहतो. ठिणगी मिळत राहते, पेट्रोल येत राहते आणि इंजिन पूर्ण वेगाने चालूच राहते. फक्त ऑइलचा दाब शून्यावर आलेला असतो. शर्यतीत चालकाची नजर पुढच्या वळणावर असते. दाबाच्या काट्याकडे लक्ष जाईपर्यंत बेअरिंग वितळू लागतात, क्रँकशाफ्टवर चरे पडतात, कधी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. साध्या गाडीत इंजिन बदलून वेळ मारून नेता येते. जुन्या रेस कारमध्ये ब्लॉकवर कोरलेला मूळ क्रमांक हा गाडीच्या इतिहासाचा आणि किमतीचा भाग असतो. तो ब्लॉक गेला की दुसरा आणून भरपाई होत नाही.

मग शाफ्ट तुटतो कशामुळे?

पंप फिरवायला फार ताकद लागत असेल, असा समज असतो. हिशेब वेगळे सांगतो. पंप मिनिटाला ४० लिटर ऑइल ४ बार दाबाने ढकलत असेल, तर त्याचे निव्वळ काम सुमारे २७० वॅटचे भरते. घर्षण आणि गळती धरून साडेचारशे वॅट लागले आणि पंप ३,००० आरपीएमने फिरत असला, तर शाफ्टवर येणारा पीळ जेमतेम दीड न्यूटन-मीटर. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टमध्ये त्यामुळे निर्माण होणारा ताण ३० मेगापास्कलच्या आतच राहतो. साधे पोलादही पिळाचा याच्या चार-पाचपट ताण सहज सोसते.

थोडक्यात, रोजच्या भाराने शाफ्ट तुटत नाही. तो तुटतो ते तीन कारणांनी. पहिले कारण झटका. धातूचा कण किंवा गॅस्केटचा तुकडा पंपाच्या दातांत अडकला की पंप क्षणात थबकतो आणि मागून संपूर्ण इंजिन त्याला फिरवू पाहते. दुसरे कारण गार ऑइल. थंड असताना ऑइल घट्ट असते. इंजिन तापण्याआधीच वेग वाढवला, तर दाब आणि पीळ दोन्ही नेहमीपेक्षा बरेच वर जातात. तिसरे कारण थकवा. पंपाचा प्रत्येक दात ऑइलला ढकलताना शाफ्टला बारीक धक्का देतो. गिअरला सात दात असतील, तर ३,००० आरपीएमला मिनिटाला किमान २१ हजार धक्के बसतात. २० मिनिटांच्या शर्यतीत ही संख्या चार लाखांवर जाते. एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी भेग असेल, तर ती अशा धक्क्यांनी वाढत जाते.

जुन्या रेस कारमध्येच हा प्रश्न जास्त का?

या गाड्या आता पुन्हा गंभीरपणे धावत आहेत. ब्रिटनमधील ‘गुडवूड रिव्हायव्हल’ १९९८ पासून, तर फ्रान्समधील ‘ल माँ क्लासिक’ २००२ पासून भरते. तिथे गाड्या मिरवणुकीसारख्या सावकाश जात नाहीत. त्या स्पर्धेच्या वेगाने पळतात. इंजिने त्या काळापेक्षा जास्त आरपीएमला फिरवली जातात. बेअरिंगच्या काळजीपोटी जास्त ऑइल ढकलणारा पंप बसवला जातो, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक केली जाते, जाड ऑइल वापरले जाते. यातील प्रत्येक बदल बेअरिंगच्या भल्यासाठी असतो. पण त्याचा भार शाफ्टवर येतो. शिवाय मूळ शाफ्ट पन्नास-साठ वर्षे जुना, आणि त्याने आतापर्यंत किती धक्के खाल्ले याची नोंद कुणाकडेच नसते.

फोर्ड आणि जग्वारची उदाहरणे काय सांगतात?

फोर्डच्या छोट्या व्ही-८ इंजिनाचे उदाहरण यात नेहमी दिले जाते. सुरुवातीच्या शेल्बी कोब्रामध्ये आणि फोर्ड जीटी-४० मध्ये हेच इंजिन होते. १९६८ आणि १९६९ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या जीटी-४०मध्येही याच घराण्यातील इंजिन होते. त्यात डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी षटकोनी खाच असते आणि तिच्यातून पाव इंची षटकोनी शाफ्ट खाली पंपापर्यंत जातो. शर्यतीसाठी इंजिन बांधणारे हा शाफ्ट काढून क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा बसवतात, आणि तो बाजारात तयार मिळतो. 

जग्वारच्या ‘एक्सके’ इंजिनाने १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा ल माँ जिंकून दिली. त्यात पंप आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील गिअरवरून चालतात. रचना वेगळी असली, तरी एकाच गिअरवर ठिणगी आणि ऑइल दोन्ही अवलंबून असणे हे दोघांतही समान आहे. लाखोंनी बनलेल्या फोर्ड इंजिनासाठी तयार शाफ्ट मिळतो. मोजक्या गाड्यांत बसवलेल्या इंजिनासाठी मात्र तो लेथवरच जन्माला येतो.

जाडी वाढवली की काम झाले?

बऱ्याच अंशी; पण जपून. गोल शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनानुसार वाढते. पाव इंचाऐवजी पाच-सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटरचा शाफ्ट केला, तर ताकद जवळपास दुप्पट होते. उलट चूकही तितकीच महागात पडते. ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांची मापे इंचात असतात. बाजारात मिळतो म्हणून ६.३५ऐवजी ६ मिलिमीटरचा रॉड वापरला, तर फरक नजरेलाही जाणवत नाही. पण ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटते.

जाडी वाढवायला जागाही हवी. ब्लॉकमधील भोक, पंपाची खाच आणि गिअरचे तोंड ठरलेले असते. त्यात आणखी एक बाब आहे. शाफ्टचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. वरील उदाहरणात तो जवळपास अडीचपट होतो. बारीक शाफ्ट किंचित पिळला जाऊन धक्के गिळतो, जाड शाफ्ट ते तसेच पुढे पोहोचवतो.

कोणते पोलाद वापरतात?

मराठी मुलखातील कोणत्याही लेथवाल्याच्या तोंडी असलेली नावे इथेही येतात. ईएन-८ हे मध्यम कार्बनचे साधे पोलाद. ईएन-१९ मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असते. ईएन-२४ मध्ये त्यांच्या जोडीला निकेल असते, त्यामुळे ते ताकदवान असूनही ठिसूळ होत नाही. रेसिंगच्या शाफ्टसाठी ईएन-२४ला पसंती मिळते ती यामुळे. साध्या नरम पोलादाचा पाव इंची शाफ्ट साधारण ७ न्यूटन-मीटर पिळाला कायमचा वाकडा होऊ लागतो. योग्य पाणी दिलेला ईएन-२४चा शाफ्ट त्याच जाडीत २० न्यूटन-मीटरच्या आसपास टिकतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. भारी पोलाद वापरले म्हणून शाफ्ट जास्त ताठ होत नाही. ताठपणा जवळपास सगळ्या पोलादांत सारखाच असतो. वाढते ती तुटण्यापूर्वी सोसण्याची ताकद. म्हणून जाडी तीच ठेवून पोलाद बदलणे हा अनेकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो. शाफ्टची लवचीकता राहते आणि ताकदही वाढते.

‘पाणी देणे’ आणि घासकाम इतके महत्त्वाचे का?

लोहार कोयत्याला पाणी देतो, त्याचेच हे कारखान्यातील रूप. ईएन-२४ साधारण ८३० ते ८५० अंश सेल्सियसला तापवून तेलात बुडवतात. त्याने ते कडक होते, पण ठिसूळही. मग पुन्हा ५५० ते ६५० अंशांच्या दरम्यान तापवून ठिसूळपणा काढतात. ही दुसरी पायरी घाईत उरकली, तर शाफ्ट कडकपणाच्या चाचणीत उत्तीर्ण होतो आणि पहिल्याच झटक्यात काचेसारखा तुटतो. काही जण वरून नायट्रायडिंग करतात. त्यात पृष्ठभाग झिजेला कणखर होतो, आतला गाभा मात्र चिवट राहतो.

भेग बहुधा पृष्ठभागावरून सुरू होते. लेथच्या टूलने उमटलेली आडवी रेघ, काटकोनात सोडलेला कोपरा, खाचेच्या मुळाशी राहिलेला धारदार कंगोरा अशा ठिकाणी ताण दोन-तीनपट वाढतो. म्हणून जाडी बदलते तिथे गोलाई ठेवावी लागते आणि शेवटचे ग्राइंडिंग गुळगुळीत करावे लागते. गंज येऊ नये म्हणून क्रोम चढवण्याची हौस इथे घातक ठरू शकते. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद आतून ठिसूळ होते. प्लेटिंग केलेच, तर लगेच सुमारे २०० अंशांना काही तास भाजून तो काढावा लागतो.

लांबीची चूक कशी महागात पडते?

शाफ्टच्या टोकाला बहुधा चपटी जीभ असते आणि ती पंपाच्या किंवा गिअरच्या खाचेत बसते. शाफ्ट थोडा लांब झाला, तर तो पंपाच्या गिअरला तळाच्या झाकणावर दाबून धरतो. आखूड झाला, तर जीभ खाचेत पुरेशी शिरत नाही आणि कडेच्या बारीक भागावर सगळा भार येतो. यात तापमानाचा हिशेब धरावा लागतो. ॲल्युमिनियमचा ब्लॉक पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. २०० मिलिमीटर अंतरात तापमान ८० अंशांनी वाढले, तर ब्लॉक शाफ्टपेक्षा सुमारे ०.१८ मिलिमीटर जास्त वाढतो. गार असताना अचूक बसलेला शाफ्ट तापल्यावर सैल होतो, तो यामुळे.

नमुना म्हणून हातात असतो तो जुना, झिजलेला किंवा तुटलेला शाफ्ट. त्याचे झिजलेले टोक मोजून नवा भाग कातला, तर ती झीजही नव्या भागात उतरते. म्हणून माप घ्यायचे ते न झिजलेल्या भागावरून आणि तो ज्यात बसतो त्या खाचेवरून.

शाफ्ट न तुटण्याइतका मजबूत केला, तर?

तर दुसरे काहीतरी तुटेल. या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. पंपात कण अडकला की तयार होणारा झटका कुठेतरी जिरणारच. शाफ्ट साखळीतला सर्वांत कमजोर दुवा असेल, तर तो तुटतो. त्याला बळकट केले, की झटका वर जातो आणि कॅमशाफ्टवरील तिरप्या दातांच्या गिअरवर येतो. तो गिअर अनेक इंजिनांत कॅमशाफ्टचाच भाग असतो. म्हणजे स्वस्तातला शाफ्ट वाचवून महागडा आणि दुर्मीळ कॅमशाफ्ट गमावण्याची वेळ येते, आणि तुटलेले दात ऑइलमध्ये पडतात ते वेगळेच.

शाफ्ट घरातल्या फ्यूजसारखा मुद्दाम कमजोर ठेवावा, असा युक्तिवाद यावर केला जातो. पण ही तुलना अपुरी आहे. फ्यूज उडाला की वीज बंद होते. इथे शाफ्ट तुटला तरी इंजिन चालूच राहते. दात तुटून डिस्ट्रिब्युटर थांबला, तर निदान ठिणगी बंद होऊन इंजिन थांबते. म्हणून जाणकार तीन गोष्टी एकत्र करतात. शाफ्ट पुरेसा मजबूत करणे, पंपात कण जाऊच नये यासाठी ऑइल उचलणाऱ्या नळीला जाळी आणि चेंबर स्वच्छ ठेवणे, आणि दाब ठरावीक पातळीखाली गेला की इग्निशन तोडणारा स्विच बसवणे. काही रेस इंजिनांत कॅमशाफ्टशी जुळणारा गिअर ब्राँझचा ठेवतात. तो लवकर झिजतो आणि ठरावीक काळाने बदलावा लागतो. पण कॅमशाफ्ट वाचतो. यातील स्विचचा खर्च सर्वांत कमी आणि तो इंजिनाच्या आत कुठेही हात लावत नाही.

बसवण्यापूर्वी काय तपासतात?

शाफ्ट दोन टोकांवर धरून फिरवतात आणि डायल गेजने तो सरळ आहे का, ते पाहतात. चुंबकीय कणांच्या चाचणीत भेगेच्या जागी बारीक भुकटी गोळा होते आणि डोळ्यांना न दिसणारी भेग उघड होते. कडकपणा दोन-तीन ठिकाणी मोजतात. पंपात बसवल्यावर हाताने फिरवून तो कुठे अडकत नाही ना, ते पाहतात. रचना तशी असेल, तर डिस्ट्रिब्युटर बसवण्यापूर्वी ड्रिल मशिनने पंप फिरवून ऑइलचा दाब आधीच तयार करतात, जेणेकरून इंजिन कोरडे सुरू होत नाही. फोर्डच्या शाफ्टवर एक छोटी क्लिप असते. डिस्ट्रिब्युटर वर ओढताना शाफ्ट त्याच्यासोबत निघून चेंबरमध्ये पडू नये, हे तिचे काम. नवा शाफ्ट बनवताना ही क्लिप विसरणे ही नेहमीची चूक.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक शर्यतींसाठी ‘एफआयए’ची ‘अपेंडिक्स के’ ही नियमावली आहे. गाडी तिच्या काळातील तपशिलांनुसार असावी, हे तिचे मुख्य सूत्र असून त्यासाठी गाडीला तांत्रिक पासपोर्ट घ्यावा लागतो. त्यामुळे कोणताही भाग बदलताना कागदोपत्री नोंद ठेवणे हा कामाचाच भाग ठरतो.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. फेरनोंदणीला ५ हजार. अशी वाहने प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. तुटका अंतर्गत शाफ्ट बदलणे आणि इंजिनच बदलणे यांत फरक आहे. तरीही मूळ भाग जपून ठेवणे आणि नव्याचे मोजमाप, पोलाद, उष्णता प्रक्रिया यांची नोंद ठेवणे मालकाच्याच हिताचे.

महाराष्ट्रात हे काम होऊ शकते का?

कौशल्याची वानवा नाही. पुण्यात १९६१मध्ये स्थापन झालेली ‘भारत फोर्ज’ जगभरातील वाहनांसाठी क्रँकशाफ्ट बनवते. १९६६पासून कार्यरत ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्थाही पुण्यातच आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत फाउंड्री आणि मशीन शॉपची साखळी आहे. जुन्या गाड्यांची आवडही जुनी. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला आजही लोक थांबून पाहतात.

अडचण आहे ती संख्येची. मोठ्या कारखान्याला हजारोंची ऑर्डर हवी. इथे मागणी एक-दोन शाफ्टची. एका शाफ्टला लागणारे पोलाद मूठभर, पण उष्णता प्रक्रिया करणारा भट्टीच्या किमान वजनाचे पैसे लावतो. ड्रॉइंग, मशीनची जुळवणी आणि चाचणी यांचा खर्च एकाच भागावर पडतो. एकाच मॉडेलच्या पाच-दहा मालकांनी मिळून ऑर्डर दिली, तर तोच खर्च विभागला जातो. परदेशात मालकांचे क्लब नेमके हेच करतात. भारतात ‘फियाट’चे उदाहरण बोलके आहे. शोलावरमच्या धावपट्टीवर एकेकाळी सुधारित फियाट धावत. त्याच इंजिनाची प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांची बाजारपेठ होती. आता उरलेल्या मालकांना एकत्र येण्यावाचून पर्याय नाही.

चिंचपाड्याचा याच्याशी काय संबंध?

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातील, उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचे स्थानक. इथे रेस कार नाहीत. मात्र जुना ट्रॅक्टर, जीप किंवा शेतातले डिझेल इंजिन चालते ठेवण्याची गरज अशा गावांत रोजची आहे. त्या इंजिनांतही ऑइल पंप असतो, तो फिरवणारा भाग झिजतो आणि कंपनीचा सुटा भाग मिळेनासा झाला की तो लेथवाल्याकडे जातो. तिथे बहुधा हाताशी असेल तो रॉड कातला जातो. कोणते पोलाद, कोणते पाणी, कोपऱ्यात गोलाई आहे का, हे विचारले जात नाही. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचे इंजिन बसले, तर शेतकऱ्याचे नुकसान रेस कारच्या मालकापेक्षा कमी दुखत नाही.

रेस कारवाल्यांनी महागात शिकलेले धडे इथे जवळपास फुकटात वापरता येतात. माप न झिजलेल्या जागेवरून घ्यावे, इंचाचे माप मिलिमीटरमध्ये ‘जवळपास’ करू नये, रॉडचा दर्जा विचारून घ्यावा, कोपरे गोल ठेवावेत, तुटलेल्या भागाचे तुकडे चेंबरमधून पूर्ण काढल्याशिवाय नवा शाफ्ट बसवू नये आणि दाबाचा दिवा चालतो का, ते आधी पाहावे. यातील एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. उष्णता प्रक्रिया मात्र गावात होणार नाही. त्यासाठी रेल्वेच्या एका टोकाला सुरत, दुसऱ्या टोकाला जळगाव आहे.

पुढे काय?

आयटीआयमध्ये टर्नर, मशिनिस्ट आणि डिझेल मेकॅनिक हे अभ्यासक्रम शिकवले जातात. तुटलेला एक शाफ्ट मोजून, त्याचे ड्रॉइंग करून, योग्य पोलादात तो पुन्हा बनवणे हा या तिन्ही विद्याशाखांना जोडणारा प्रकल्प होऊ शकतो. व्हिंटेज वाहनांची नोंदणी वाढेल, तसे एक-दोन नगांचे अचूक काम करणाऱ्यांची गरजही वाढेल. या कामात यंत्रापेक्षा नोंदवहीला जास्त किंमत आहे. कोणता शाफ्ट, कोणत्या पोलादाचा, किती तास चालला आणि कुठे तुटला, हे लिहून ठेवणारी कार्यशाळा पुढचा शाफ्ट पहिल्यापेक्षा चांगला बनवते. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजमध्ये हे ज्ञान मिस्त्रींच्या डोक्यात असते आणि त्यांच्यासोबतच निघून जाते. शाफ्टच्या मजबुतीइतकाच हा दुवाही मजबूत करावा लागेल.